हिवतापाची आठवण शरीराला का राहत नाही?

गोवर एकदा होऊन गेला की जन्मभराची निश्चिंती, पण हिवताप मात्र दर पावसाळ्यानंतर पुन्हा दारात हजर! नर्मदेकाठच्या बरगी परिसराने हे फार जवळून पाहिले आहे. शरीर काही आजार लक्षात ठेवते आणि काही विसरते, ते का? या प्रश्नाचे उत्तर दडले आहे आपल्या रक्तातल्या चिमुकल्या निरोप्यांमध्ये.

घरात एखाद्या मुलाला गोवर निघाला की आजी निर्धास्तपणे म्हणते, ‘मला लहानपणीच होऊन गेलाय, मी बसते त्याच्या उशाशी.’ आजीने वैद्यकशास्त्र शिकलेले नसते, पण तिचे म्हणणे अगदी खरे असते. १८४६ साली पीटर पानुम नावाच्या एका तरुण डॅनिश डॉक्टरने याचा पुरावाच गोळा केला. उत्तर अटलांटिक समुद्रातल्या फेरो बेटांवर त्या वर्षी गोवराची मोठी साथ आली होती. याआधीची साथ येऊन गेली होती ती थेट १७८१ मध्ये. पानुमने घरोघर फिरून चौकशी केली, तेव्हा त्याला दिसले की १७८१ च्या साथीत ज्यांना गोवर झाला होता, त्या म्हाताऱ्या माणसांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही. मध्ये ६५ वर्षे उलटली होती. माणसे नातवंडा-पतवंडांची झाली होती, कित्येक गोष्टी विसरली होती. त्यांचे शरीर मात्र गोवराला विसरले नव्हते.

आता हाच प्रश्न हिवतापाबद्दल विचारून पाहा. मंडला, शिवनी, बालाघाट किंवा आपल्या गडचिरोली भागातल्या कुठल्याही आईला विचारा, ‘तुमच्या मुलाला हिवताप कधी झाला होता?’ ती उलट विचारील, ‘कोणत्या वर्षीचा सांगू?’ एकाच मुलाला तीन-चार वेळा थंडी वाजून ताप भरतो, घाम येऊन उतरतो आणि पुढल्या वर्षी पुन्हा तेच. म्हणजे गोवराला जन्मभर लक्षात ठेवणारे तेच शरीर हिवतापाच्या बाबतीत इतके विसराळू कसे?

बरगीची कहाणी

नागपूरहून जबलपूरला जाणाऱ्या रस्त्यावर, जबलपूरच्या थोडे अलीकडे बरगी हे गाव लागते. गोंदिया-नैनपूरमार्गे जबलपूरला जाणाऱ्या जुन्या छोट्या गाडीने प्रवास केलेल्या विदर्भातल्या मंडळींना या नावाचे स्टेशनही आठवत असेल. याच गावाच्या नावाने ओळखले जाणारे धरण नर्मदेच्या मुख्य प्रवाहावर पुरे झालेले पहिले मोठे धरण. उंची ६९ मीटर, लांबी सव्वापाच किलोमीटरांहून जास्त. १९७० च्या दशकात काम सुरू झाले आणि १९९० मध्ये ते पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाला राणी अवंतीबाई लोधी सागर असे नाव आहे. जबलपूर, मंडला आणि शिवनी या तीन जिल्ह्यांतली १६२ गावे या पाण्यामुळे बाधित झाली. त्यांतली बहुतेक वस्ती गोंड आदिवासींची.

पाणी आले, त्याबरोबर डासही आले. जलाशयाच्या काठावरची डबकी, कालव्यातून पाझरलेले पाणी, धरणाच्या कामासाठी खोदलेले खड्डे ही सगळी ॲनॉफिलिस डासांना अंडी घालायला आयती जागा. जबलपूर येथे मलेरिया संशोधन केंद्राचे क्षेत्रीय केंद्र होते. तेथील डॉ. नीरू सिंह यांनी आर. के. मेहरा आणि व्ही. पी. शर्मा यांच्यासह या भागाचा अभ्यास केला आणि तो १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. धरणाजवळच्या गावांत हिवतापाचे प्रमाण दूरच्या गावांपेक्षा कितीतरी जास्त आहे, असे त्यांना आढळले. हिवताप पसरवण्यात पुढाकार होता ॲनॉफिलिस क्युलिसिफेसिस या डासाचा. आपल्या देशाच्या ग्रामीण भागात हिवतापाचा हा प्रमुख वाहक.

डास वाढले, म्हणून हिवताप वाढला, हे कुणालाही पटेल. पण गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. ज्याला एकदा हिवताप झाला, त्याला तो पुन्हा होणारच नाही, असे जर घडते, तर एक-दोन वर्षांत सारे गाव ‘पक्के’ झाले असते आणि डास चावत राहिले तरी आजार हटला असता. गोवराच्या साथी अशाच विझतात. हिवताप तसा विझत नाही, कारण आपल्या शरीरातली आठवण त्याच्यापुढे अपुरी पडते. ही आठवण असते तरी कुठे, ते आधी पाहू.

लग्नघर आणि वाढपी

आपल्या छातीच्या हाडामागे थायमस नावाची एक मऊ ग्रंथी असते. मूल लहान असताना ती मोठी असते आणि वय वाढेल तशी आक्रसत जाते. ती निरुपयोगी आहे, असेच डॉक्टर कित्येक वर्षे समजत. १९६१ मध्ये लंडनमध्ये जॅक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची ही ग्रंथी काढून पाहिली. ते उंदीर रोगांशी झगडूच शकेनात! या ग्रंथीत शिकून तयार होणाऱ्या श्वेतपेशींना थायमसच्या आद्याक्षरावरून ‘टी पेशी’ म्हणतात.

टी पेशींच्या दोन मोठ्या जाती आहेत. मारक टी पेशी रोगजंतू शिरलेल्या पेशीला शोधून ठार करतात. मदतनीस टी पेशी स्वतः फारशा मारामारीत पडत नाहीत. त्या इतरांना कामाला लावतात. विशेषतः प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशींना त्या शिकवून तयार करतात.

प्रत्येक टी पेशी एकच खूण ओळखते. अब्जावधी पेशींत एखाद्या विशिष्ट विषाणूची खूण ओळखणाऱ्या पेशी अगदी मोजक्या असतात. तो विषाणू खरोखरच शिरला की या मोजक्या पेशी भराभर दुभंगू लागतात. एकीच्या दोन, दोनाच्या चार, असे करीत आठवड्याभरात एकीच्या हजारो होतात. लग्नघरी आदल्या दिवशी दोन-चार माणसे असावीत आणि पंगतीच्या वेळी आचारी, वाढपी, पाणके यांची झुंबड उडावी, तसेच हे.

पंगती उठल्या की एवढ्या माणसांचे काम उरत नाही. ताप उतरला की शरीरही तेच करते. जमवलेल्या टी पेशींपैकी ९० ते ९५ टक्के पेशी दोन-तीन आठवड्यांत मरून जातात. त्या मरायलाच हव्यात, नाही तर त्यांची गर्दी शरीरालाच त्रासदायक होईल. उरलेल्या पाच-दहा टक्के पेशी मात्र वर्षानुवर्षे टिकतात. पातेली कुठे ठेवली आहेत, किती माणसांना किती भात लागतो, हे ठाऊक असलेली ही घरची माणसे. पुढच्या कार्याला त्यांना शिकवावे लागत नाही, हाक मारताच ती उभी राहतात. यांनाच ‘स्मृतिपेशी’ म्हणतात.

त्या किती टिकतात? देवीच्या लसीवर अमेरिकेत ऑरेगॉन येथे झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याचे उत्तर मिळाले. देवीच्या टी पेशी हळूहळू कमी होतात, पण निम्म्या व्हायला त्यांना ८ ते १५ वर्षे लागतात. लस टोचून ७५ वर्षे झालेल्या माणसांतही प्रतिकाराच्या खुणा सापडल्या. मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. भारतातली ही पहिली लस. तेव्हापासून आपल्याकडे लक्षावधी दंडांवर देवीचे व्रण उमटले. त्या प्रत्येक व्रणामागे अशा दीर्घायुषी पेशींची एक तुकडी तयार झाली होती.

रक्तातले निरोपे

आता खरा प्रश्न. हजारोंपैकी कोणत्या पेशीने मरायचे आणि कोणत्या पेशीने आठवण बनून राहायचे, हे ठरवतो कोण?

पेशींना तोंड नाही की कान नाहीत. त्या एकमेकींशी बोलतात ते प्रथिनांच्या बारीक रेणूंमार्फत. एक पेशी हा रेणू सोडते, दुसरी आपल्या पृष्ठभागावरच्या ग्राहकाने तो पकडते आणि त्याप्रमाणे वागते. या रेणूंना ‘सायटोकाइन’ म्हणतात. आपण त्यांना निरोपे म्हणू. १९५७ मध्ये लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडनमन यांनी विषाणूंना अटकाव करणारा ‘इंटरफेरॉन’ शोधला. त्यानंतर असे इतके रेणू सापडत गेले आणि प्रत्येक प्रयोगशाळा त्यांना आपापली नावे देऊ लागली, की गोंधळ माजला. शेवटी १९७९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका बैठकीत ‘इंटरल्युकिन’ हे समान नाव ठरले. इंटरल्युकिन म्हणजे श्वेतपेशींमधला दुवा. त्यापुढे फक्त क्रमांक लावायचा. आज हे क्रमांक चाळिशीच्या आसपास पोचले आहेत.

या गर्दीतल्या चार-पाच निरोप्यांचीच ओळख करून घेऊ, कारण आठवणीची चावी त्यांच्या हाती आहे.

पहिला इंटरल्युकिन-२. याचा निरोप एकच, ‘वाढा, संख्या वाढवा!’ पंगतीच्या दिवशी माणसे गोळा करणारा हा. पण त्याचे आणखी एक काम २००६ मध्ये लक्षात आले. पहिल्या लढाईच्या वेळी मारक पेशीला हा निरोप मिळालाच नाही, तर तिच्यापासून स्मृतिपेशी तयार होते खरी, पण दुसऱ्यांदा रोगजंतू आल्यावर ती जोमाने वाढत नाही. म्हणजे आठवण असते, पण ऐन वेळी उपयोगाला येत नाही.

दुसरा इंटरल्युकिन-१२. हा धोक्याची घंटा वाजवणारा. जंतू शिरल्याबरोबर जळजळ, सूज, ताप यांच्या धामधुमीत तो सुटतो. मारक पेशी त्यामुळे अधिक आक्रमक होतात. पण येल विद्यापीठात निखिल जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले, की ही घंटा फार जोराने वाजली तर पेशी लढवय्या होतात, पण अल्पायुषी ठरतात. घंटा बेताने वाजली तर जास्त पेशी स्मृतीच्या वाटेला लागतात. भडका मोठा, आठवण छोटी!

तिसरा इंटरल्युकिन-७. लढाई संपल्यावर पेशींना जगण्याचा शिधा पुरवणारा. मूळचे हैदराबादचे आणि अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात काम करणारे रफी अहमद व त्यांचे सहकारी यांनी २००३ मध्ये एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. लढाई ऐन भरात असतानाच काही थोड्या पेशींच्या अंगावर या रेणूचा ग्राहक भरपूर असतो. पुढे स्मृतिपेशी होतात त्या मुख्यतः याच. जणू काही, पंगत चालू असतानाच कुणाकडे घरचे शिधापत्रक आहे ते पाहून कोण मागे राहणार ते ओळखता यावे.

चौथा इंटरल्युकिन-१५. स्मृतिपेशी अमर नसतात. त्या अधूनमधून हळूच दुभंगतात आणि आपली जागा भरून काढतात. ‘एक गेली तर दुसरी तयार ठेव,’ असा निरोप त्यांना देतो तो हाच. गोवराचा विषाणू समोर नसतानाही ६५ वर्षे आठवण टिकते, यामागे अशा निरोप्यांची ही नित्याची राखण असते.

पाचवा इंटरल्युकिन-१०. हा समजूत घालणारा, ‘आता पुरे’ म्हणणारा. लढाई वेळेवर थांबली नाही तर नुकसान आपलेच. म्हणून हा निरोप्या हवा. शिवाय भडका निवल्यावर स्मृतिपेशी परिपक्व व्हायलाही तो मदत करतो. पण तो वेळेआधी किंवा फार मोठ्याने बोलू लागला, तर शत्रू जिवंत असतानाच शिपाई शस्त्रे खाली ठेवतात.

सारांश असा की आठवण केवळ शत्रू कोण होता यावर ठरत नाही. कोणता निरोप, किती, कधी आणि किती वेळ मिळाला, यावर ती ठरते.

हिवतापाची हातचलाखी

आता पुन्हा बरगीकडे वळू. डास चावतो, तेव्हा त्याच्या लाळेतून हिवतापाचे मोजकेच परजीवी अंगात शिरतात आणि थेट यकृत गाठतात. तिथे जेमतेम आठवडाभर गुपचूप वाढतात. ना ताप, ना थंडी. मग ते हजारोंच्या संख्येने रक्तात उतरतात आणि तांबड्या पेशींत घर करतात. आपल्याला ताप येतो तो या टप्प्यावर.

इथेच पहिली अडचण येते. शरीरातल्या बहुतेक पेशी आपल्या आत काय चालले आहे याचा नमुना पृष्ठभागावर मांडून ठेवतात. मारक टी पेशी तो नमुना पाहून ओळखते की आत चोर शिरला आहे. परिपक्व तांबड्या पेशींना अशी खिडकीच नसते. चोर आत बसला आहे आणि पहारेकऱ्याला दार ना खिडकी!

दुसरी अडचण वेषांतराची. फाल्सिपेरम जातीच्या परजीवीकडे अंगरख्याचे सुमारे ६० प्रकार असतात. तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर तो एका वेळी एक मांडतो. प्रतिपिंडे तो ओळखू लागली की दुसरा काढतो. म्हणजे एका हिवतापाची आठवण राहिली तरी पुढच्या वेळी पाहुणा वेगळ्याच पोशाखात येतो.

तिसरी अडचण आपल्या निरोप्यांची. रक्तात लाखो तांबड्या पेशी एकदम फुटतात तेव्हा धोक्याच्या घंटा बेफाम वाजू लागतात. इंटरफेरॉन-गॅमा, ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, इंटरल्युकिन-१२ यांचा पूर येतो. हुडहुडी भरते, अंग मोडून येते, ताप चढतो, तो बराचसा या रेणूंचाच परिणाम. प्लीहा, म्हणजे आपण जिला पाणथरी म्हणतो ती सुजते. या पाणथरीतच मदतनीस टी पेशी बी पेशींना शिकवणी देत असतात. बाहेर दंगल चालू असताना शाळा कशी भरणार? ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथील शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये उंदरांत दाखवले की तीव्र हिवतापात हेच दाहक रेणू शिकवणाऱ्या मदतनीस पेशींची वाढ खुंटवतात. आफ्रिकेत माली देशातल्या मुलांच्या रक्ताचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही हिवतापाच्या वेळी शिकवणीच्या कामात कच्च्या असलेल्या मदतनीस पेशीच पुढे सरसावतात, असे दिसले.

आणि चौथी अडचण, वारंवार येणाऱ्या तापाची. सतत भडका उडत राहिला तर शरीर स्वतःला सांभाळायला ‘आता पुरे’ म्हणणाऱ्या इंटरल्युकिन-१० ला पुढे करते. युगांडात वारंवार हिवताप झालेल्या मुलांत अशा पेशी मोठ्या प्रमाणात सापडल्या, ज्या एकाच वेळी लढण्याचा इंटरफेरॉनही सोडतात आणि थांबण्याचा इंटरल्युकिन-१० सुद्धा. यामुळे मुलाला ताप कमी येतो, ते हिंडू-फिरू लागते. पण परजीवी मात्र रक्तात टिकून राहतात. आई म्हणते, पोर बरे झाले. ते बरे दिसते खरे, पण डासाला त्याच्याकडून अजूनही परजीवी मिळू शकतात. गावातला हिवताप चालू राहतो तो अशा न दिसणाऱ्या रुग्णांमुळे.

अर्धवट आठवण

मग हिवतापाची काहीच आठवण राहत नाही का? तसे नाही. आफ्रिकेत जिथे वर्षभर डास चावतात, तिथे लहान मुले हिवतापाने दगावतात, पण मोठी माणसे सहसा दगावत नाहीत. अनेक वेषांतरे पाहून झाल्यावर शरीर हळूहळू सरावते. गोवराला एक धडा पुरतो, हिवतापाला दहा-वीस लागतात.

हा सराव किती टिकतो, याचा धडा मादागास्करने दिला. तिथल्या डोंगराळ भागातून हिवताप १९६० च्या सुमारास जवळजवळ नाहीसा झाला होता. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तो भयंकर साथ होऊन परतला. तेव्हा लहानपणी हिवताप सोसलेल्या वयस्कर माणसांना, सुमारे ३० वर्षांनंतरही, तरुणांपेक्षा कमी त्रास झाला. कुठेतरी जुनी आठवण शिल्लक होती.

आपल्याकडे मध्य भारतात परिस्थिती मधली आणि म्हणूनच अवघड आहे. इथे हिवताप वर्षभर नसतो, तो पावसाळा आणि त्यानंतरच्या महिन्यांत जोर करतो. सराव पक्का व्हावा इतके डंख होत नाहीत आणि आजार टळावा इतके कमीही होत नाहीत. म्हणून इथे मुलांबरोबर मोठी माणसेही आजारी पडतात. जिथे कधी हिवताप नव्हता अशा भागातून कामाला आलेल्या मजुराची पाटी तर कोरीच. गर्भवतीला दुहेरी धोका. परजीवी वारेत दडून बसतात, आई रक्तहीन होते आणि बाळ कमी वजनाचे जन्मते.

देशाच्या इतिहासातही हे चित्र दिसते. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख माणसे मरत, असा अंदाज होता. डीडीटीच्या फवारणीने १९६५ च्या सुमारास रुग्ण लाखभरावर आले. सारे निर्धास्त झाले. फवारणी सैलावली, डासांना डीडीटी सोसू लागले आणि १९७६ मध्ये रुग्णांची संख्या ६४ लाखांवर गेली! मधल्या काळात जन्मलेल्या मुलांना हिवतापाची ओळखच नव्हती. आजार हटवताना अर्ध्यावर सोडणे किती महाग पडते, हे त्या वर्षांनी शिकवले.

हा धडा ध्यानात ठेवून बरगीच्या शेजारच्या मंडला जिल्ह्यात २०१७ मध्ये एक मोठा प्रकल्प सुरू झाला. जिल्ह्यातल्या सर्व १,२३३ गावांत तापाच्या रुग्णाची घरी जाऊन तपासणी, लगेच औषध, मच्छरदाण्या आणि फवारणी. तीन वर्षांत स्थानिक रुग्ण सुमारे ९० टक्क्यांनी घटले. शरीर विसरते, म्हणून तिथे गावाने आठवण ठेवली, असेच म्हणायला हवे.

लस म्हणजे शिस्तीत दिलेला निरोप

निरोप्यांचे हे ज्ञान केवळ पुस्तकी नाही. लस बनवताना ते रोज उपयोगी पडते. रोगजंतूचा नुसता तुकडा टोचला तर शरीर त्याच्याकडे बहुधा दुर्लक्ष करते, कारण धोक्याची घंटाच वाजत नाही. म्हणून लशीत एक सहायक द्रव्य मिसळतात. ते घंटा वाजवते, पण बेताने. हिवतापाविरुद्धच्या पहिल्या लशीला जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये मान्यतेची शिफारस दिली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘आर-२१’ या दुसऱ्या लशीला. ही दुसरी लस ऑक्सफर्ड विद्यापीठाने विकसित केली आणि ती बनते आपल्या पुण्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये! तिच्यातले सहायक द्रव्य दक्षिण अमेरिकेतल्या एका झाडाच्या सालीपासून काढतात.

हिवतापाच्या हंगामाआधी तीन मात्रा दिल्यावर पहिल्या वर्षात सुमारे ७५ टक्के संरक्षण मिळाले. मग प्रतिपिंडे घटू लागतात, म्हणून वर्षभराने चौथी मात्रा. आखणी आहे ती आफ्रिकेतल्या लहान मुलांसाठी आणि रोख आहे तो फक्त फाल्सिपेरमवर. आपल्याकडे मोठ्या प्रमाणात आढळणाऱ्या व्हायवॅक्सवर तिचा उपयोग नाही. त्यामुळे तिच्या भरवशावर मच्छरदाणी गुंडाळून ठेवता येणार नाही.

पुढचे प्रयत्न वेगळ्या दिशेने चालले आहेत. मेलबर्नच्याच शास्त्रज्ञांना २०१६ मध्ये उंदरांच्या यकृतात कायमचा मुक्काम ठोकणाऱ्या स्मृतिपेशी आढळल्या. त्या रक्ताबरोबर भटकत नाहीत. यकृतातच गस्त घालतात आणि त्यांना तिथे टिकवण्यात इंटरल्युकिन-१५ चा वाटा असतो. यकृताच्या पेशींना ‘खिडक्या’ असतात. तेव्हा परजीवी तांबड्या पेशीत दडण्याआधीच, त्या एका आठवड्यात त्याला गाठायचे, असा हा बेत आहे. उंदरांत तो साधला, माणसांत साधायचा आहे.

घरच्यांनी काय लक्षात ठेवावे?

हे सगळे वाचून एखादी गृहिणी विचारील, मग हे निरोपे वाढवणारी गोळी किंवा काढा मिळतो का? ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ असे सांगणाऱ्या बाटल्यांना बाजारात तोटा नाही. पण आपण पाहिले की निरोपे जास्त झाले म्हणजे भले होते, असे मुळीच नाही. ते वेळेवर आणि बेताने हवेत. त्यांचा अतिरेक झाला तर जिवावर बेतते. मुलाला पोटभर चौरस आहार, पुरेशी झोप आणि वेळच्या वेळी लशी मिळणे, हाच त्यावरचा खात्रीचा उपाय.

लशींत गोवराची लस कधी चुकवू नये. त्याला एक खास कारण आहे. गोवर स्वतःची आठवण मागे ठेवतो, पण इतर आजारांची पुसून टाकतो! त्याचा विषाणू स्मृतिपेशींनाच लक्ष्य करतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गोवर झालेल्या, लस न घेतलेल्या मुलांची इतर रोगांविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडे नाहीशी झाल्याचे दिसले. लस मात्र असे काही करीत नाही.

हिवतापाच्या बाबतीत ‘मला पूर्वी होऊन गेलाय’ या समजुतीवर कधीच विसंबू नये. हिवतापाच्या भागात ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. सरकारी दवाखान्यात आणि आशा कार्यकर्तीकडे ही तपासणी मोफत होते. औषध दिले तर ते शेवटच्या गोळीपर्यंत घ्यावे. व्हायवॅक्सचे परजीवी यकृतात महिनोन् महिने झोपून राहतात. त्यांच्यासाठीच्या प्रायमाक्विनच्या गोळ्या १४ दिवस घ्याव्या लागतात, त्याही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. गर्भवतींना त्या देत नाहीत. तिसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून पुडी फडताळात टाकली की काही महिन्यांनी तोच हिवताप पुन्हा डोके वर काढतो आणि आपण दोष डासाला देतो.

आणि एक गोष्ट विशेष सांगायची ती माहेरवाशिणींना. लहानपण हिवतापाच्या गावात गेलेली मुलगी लग्न होऊन पुण्या-मुंबईला किंवा नागपूरला येते. दहा वर्षांनी मुलांना घेऊन दिवाळीत माहेरी जाते. तिच्या शरीरात जुन्या तापांची अर्धीमुर्धी आठवण असते, मुलांच्या शरीरात काहीच नसते. त्यात ती पुन्हा गर्भवती असेल तर तिची ती अर्धी आठवणही भरवशाची नाही. तेव्हा सामान बांधताना फराळाच्या डब्याबरोबर मच्छरदाणी जरूर घ्या. परतल्यावर महिनाभरात कुणालाही ताप आला, तर डॉक्टरांना आधी सांगा की आम्ही गावी जाऊन आलो आहोत. शहरातल्या डॉक्टरांच्या मनात हिवतापाची शंका येण्यासाठी तुमचे एवढे एक वाक्य पुरते.